नखाएवढी जागा

डॉक्टर : …पुन्हा तीच जागा. हनुवटी नीट टेकवा, कपाळ पट्टीला लावा. आणि हलू नका.

लेक : हलत नाहीये.

मावशी : हलतेय हो. पाय बघा तिचे.

डॉक्टर : पाय चालतील, मावशी. डोळा नको. हं… रंग घातलाय, आता निळा दिवा. हे हिरवं चमकतंय ना, तिथला पापुद्रा निघालाय. सात आठवड्यांत तिसऱ्यांदा. झालं, घाला चष्मा. कधी दुखलं?

लेक : आज सकाळी. डोळा उघडताना.

डॉक्टर : नेहमीसारखंच?

लेक : हो. पापणी वर जाते आणि तिच्याबरोबर काहीतरी सोलून निघतं.

मावशी : मी हिच्याकडेच असते सध्या. शेजारच्या खोलीत ऐकू येतं मला. ओरडत नाही ही, नुसता श्वास आत ओढते. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं. पण काय हो, पहिल्या वेळी तुम्ही म्हणाला होतात म्हणे, दोन दिवसांत भरेल. मग ही मेली जखम उघडते कशी?

डॉक्टर : भरली होती. दीड दिवसात. बुब्बुळावर पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया. त्याच्यावर ओरखडा उठला की कडेच्या पेशी वाट बघत बसत नाहीत. सरकत सरकत येतात आणि उघडी जागा झाकून टाकतात.

मावशी : मग चांगलंच की.

डॉक्टर : झाकणं वेगळं, धरून राहणं वेगळं. फरशी बसवली पण खालचा माल ओलाच आहे, असं समजा. नव्या थराला खाली घट्ट धरायला महिने लागतात. रात्रभर डोळा मिटलेला, आत कोरडं पडतं, पापणी त्या पापुद्र्याला चिकटते. सकाळी उघडली की त्याला घेऊनच येते. म्हणून तर झोपताना मलम दिलंय. ट्यूब आणलीत?

लेक : पर्समध्ये आहे.

डॉक्टर : बघू. …हिचं तर टोकही फोडलेलं नाही.

मावशी : काय? रोज मला सांगतेस की लावलं म्हणून!

लेक : विसरते.

मावशी : अख्खी पुस्तकं पाठ असतात हिची, डॉक्टर. विसरते म्हणे.

डॉक्टर : असो. आता नुसत्या मलमाने भागणार नाही. सैल झालेला पापुद्रा मी आज काढून टाकते. डोळा बधिर करायचा, ब्रशने तेवढी जागा साफ करायची, वर पातळ लेन्स. स्वच्छ जागेवर नवा थर येईल तो बहुतेक धरून राहतो.

लेक : आणि खूण?

डॉक्टर : कसली?

लेक : ओरखड्याची. व्रण राहतो ना मागे?

डॉक्टर : नाही, जखम वरवरची आहे. खोल गेली असती तर पांढरा डाग पडला असता. सहा महिन्यांनी मलाही शोधून सापडणार नाही.

लेक : मग आज नको.

डॉक्टर : लोक इथे व्रण राहील म्हणून रडतात.

लेक : मला थोडे दिवस द्या.

मावशी : हिचं काही एक ऐकू नका.

डॉक्टर : एक विचारते. केसपेपरवर तुमच्या सांगण्यावरून मी लिहिलंय, कागदाची कड लागली. कागदाने सरळ चीर पडते. तुमचा ओरखडा पहिल्या दिवसापासून वाकडा आहे, नखाचा असतो तसा. घरात लहान मूल आहे?

लेक : नाही.

मावशी : नखच होतं. माझ्या बहिणीचं. हिच्या आईचं.

लेक : मावशी!

मावशी : मावशी काय? सात आठवडे तोंड शिवून बसले. तू सगळ्यांना कागद सांगितलास. म्हटलं, असेल काही मनात.

लेक : तू पाहिलंस?

मावशी : दारातच होते. हातात तिच्यासाठी पाणी.

लेक : मग तुला माहीत असेल, तिने का…

मावशी : का म्हणजे?

लेक : त्या दुपारी मी दादाशी फोनवर बोलत होते. आईच्या उशाशी बसून. म्हटलं, सुटू दे रे आता तिला. आणि मलाही. वाटलं ती गुंगीत आहे. पण तिची पापणी हलली होती. मग मी पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं, डोळा लागला. जागी झाले ती तिच्या नखाने. मी तिचा हात झटकला, मावशी. “काय करतेस!” म्हणून ओरडले तिच्यावर. तो हात पुन्हा उचललेला मी पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिची नखं दर रविवारी मीच कापायचे. त्या एकाच रविवारी कंटाळा केला.

डॉक्टर : म्हणून मलम नाही.

लेक : सकाळी असं दुखलं की तो हात येतो. रागाने का होईना, येतो.

मावशी : रागाने? अगं वेडे, चष्मा काढत होती ती तुझा!

लेक : चष्मा?

मावशी : वाचता वाचता झोपायचीस तेव्हा कोण काढायचं? पुस्तक छातीवर, चष्मा नाकावर. एवढी घोडी झालीस तरी रात्री तुझ्या खोलीत डोकावल्याशिवाय झोपली का ती कधी?

लेक : पण त्या दुपारी मी चष्मा घातला नव्हता. रडून काचा खराब झाल्या, म्हणून खिडकीत ठेवला होता.

मावशी : तिला कुठे दिसत होतं तेवढं! अंगठा आणि बोट अशी चिमूट धरून हात कानाकडून आला. दांडी शोधत. दांडी नव्हतीच, पुढे डोळा होता.

लेक : हे तू आत्ता रचतेयस. मला बरं वाटावं म्हणून.

मावशी : रचायला मी काय तुझ्यासारखी पुस्तकं वाचते? तू पळालीस नळाकडे, डोळा धुवायला. पुढचं तू पाहिलंच नाहीस. तिने चिमूट सोडली नव्हती. हात तसाच नेला टेबलापर्यंत, तिथे तुझं पुस्तक होतं. त्याच्यावर टेकवला, अगदी अलगद. आणि मग बोटं उघडली. मला कळेना, हवेतलं काय ठेवतेय ही. मागाहून कळलं.

(निळा दिवा अजून चालूच आहे.)

लेक : कितीदा मी जागी असायचे, मावशी. मुद्दाम डोळे मिटून पडायचे, तिने काढावा म्हणून.

मावशी : ठाऊक होतं तिला. म्हणायची, झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा फडफडतात का कधी?

डॉक्टर : आज राहू दे हवं तर. पुढच्या आठवड्यात या. मलम तेवढं…

लेक : नको. आजच करा.

डॉक्टर : नक्की? दोन-तीन दिवस टोचेल, पाणी येईल.

लेक : येऊ दे. तिला माझ्या डोळ्याला हात लावायचाच नव्हता.

डॉक्टर : बरं. मान मागे टेकवा. चष्मा काढून ठेवा.

लेक : मावशी, तू काढ.

मावशी : मी? माझे हात थरथरतात गं.

लेक : असू दे. आधी उजवा कान. मी डोळे मिटते.