कामाची वाटणी, बिनविरोध

नेमबाजीच्या मॅच घेणं का सोडलं म्हणता? मग ऐका. दुष्काळात ऊसच नव्हता, म्हणून कारखान्याचं रिकामं गोदाम आमच्या एअर रायफल क्लबाला मिळालं. टार्गेटचे कागद लावणं, गुण मोजणं, टँकरवरून पाणी भरून ठेवणं, समदं मी एकटाच. शेवटी बैठकीत म्हणलं, "मी लई थकलो. कामं वाटून घ्या, न्हाई तर आपल्याच्यानं होत न्हाई."

सोसायटीचे जुने चेअरमन अण्णा लगेच उठले. "मास्तरचं बरोबर हाय. एकट्या माणसावर किती टाकायचं?"

तासाभरात निवडी झाल्या. अण्णा अध्यक्ष, टार्गेटचा एक प्रमुख, गुणांचा एक, पाण्याचा एक. सूचक, अनुमोदक, टाळ्या, समदं बिनविरोध. त्या रात्री मी निवांत झोपलो.

मॅचच्या दिवशी समदे प्रमुख कडक इस्त्रीत येऊन पुढच्या खुर्च्यांवर बसले. कागदाचा गठ्ठा तसाच पडलेला. मी अण्णांपाशी गेलो. "अण्णा, टार्गेटं कोण लावणार?"

अण्णांनी मायेनं पाठीवर हात ठेवला. "मास्तर, पदाची समदी जबाबदारी आमी घेतली. आता तुमच्या डोक्याला ताप न्हाई. तुमी नुसतं काम करा."