भार असतानाची भेग

— नाही ताई, तिथे नको, पिवळ्या पट्टीच्या अलीकडे या. तुकडे उडतात. आणि हे हेल्मेट घाला — अहो, अंबाडा विस्कटला तर विस्कटला, डोकं शाबूत राहील. नणंद म्हणून समजूत काढून घरी न्यायला आलात, पण घटकाभर पाहुणीसारखं बघा तरी. ठमीला वर ऑफिसात निजवलंय, नकाशेवाल्या मावशी बसल्यात तिच्यापाशी. ती उठेपर्यंत मी कुठे येत नाही — आणि उठल्यावर येईन असंही म्हटलेलं नाही मी. हे बघा, हे हॉस्पिटल. हसू नका, कमरेएवढं दिसतंय, पण खरं उभं राहील तेव्हा आत आजारी माणसं झोपणार आहेत, आणि जमीन हलली तर छत त्यांच्या अंगावर येईल का, हे आधी सांगायचं काम माझं. बघा कुणावर सोपवलंय! गॅस बंद केला का हे बघायला जी अर्ध्या जिन्यावरून परत फिरते, तिच्यावर.

या काळ्या विटा बोल्टने आवळल्यात ना मजल्यामजल्यावर, त्या शिशाच्या. का? — कारण वस्तू नुसती लहान केली की ती खोटं बोलते. तिचं वजन भसाभस उतरतं, ताकद मात्र तेवढी उतरत नाही. मग कितीही ढकला, ती आपली उभीच. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय मजबूत! म्हणून खऱ्या घराचा भार तिच्यावर वेगळा लादावा लागतो. तुम्ही आमच्याकडे येता दोन दिवस, तेव्हा तुमचा भाऊ कसा पाणीसुद्धा स्वतः भरतो, ठमीला खांद्यावर घेऊन फिरवतो — खोटं नाही म्हणत मी त्याला. पण ते शिसं न लादलेलं मॉडेल आहे, ताई.

थांबा — जॅक थांबला. तो लोखंडी हात दिसतोय ना भिंतीतून आलेला, तो ढकलतो, थोडं थांबतो, परत ढकलतो. थांबला की मी आत. — आलेच. — ही बघा, केसाएवढी भेग, आणि तिच्या कडेने माझी पेन्सिलीची रेघ. भार असतानाच ओढायची. भार काढला की भेग मिटते हो, मग शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटत नाही. तुम्ही आत्ताच म्हणालात ना, की ठमीचा हात डॉक्टरांनी चुटकीसरशी बसवला, पोरगी लगेच खेळायला लागली, मग एवढा तमाशा कशाला? तेच तर सांगतेय. मिटली भेग. मी तिथे होते, भार असताना. टेबलाखाली लपलेली ती, आणि तुमच्या भावाने तिला मनगटाला धरून बाहेर काढलं, बादलीतून ओली चादर उपसावी तसं — कोपरात कट् झालं. तो आवाज मी रोज ऐकते कामावर. काँक्रीटमधून.

रागीट आहे पण मनाने चांगला — हो, माहीत आहे, मीही सासूबाईंना हेच सांगत आले. आधी कप. मग खुर्ची. मग दाराला ठोसा — ते भोक, तुम्ही विचारलंत तेव्हा मीच म्हटलं, कपाट सरकवताना लागलं. घाबरत नव्हते असं नाही, पण वाटायचं, हे टप्प्याटप्प्याने वाढतंय, थांबतंय, मला वाचता येतंय. शिकलेली ना मी! कधीकधी तर मुद्दाम एक वाक्य जास्त बोलायचे. कप जाईल की खुर्ची, मनात अंदाज बांधायचा — आणि तो बरोबर आला की बरं वाटायचं. काय बाई आहे मी. त्या दिवशीही बोलले. म्हटलं, फार तर माझ्या कानाखाली बसेल. तो माझ्याकडे वळलाच नाही. खाली वाकला.

असं बघू नका. मिळालं ना, हवं होतं ते? ‘तीच त्याला डिवचते’ — सांगा आईंना, माझ्याच तोंडचं आहे. कदाचित मी त्यात नको तेवढं वाचतही असेन, रात्रभर तेच चालू असतं डोक्यात. पण ताई, खांबाला कुणी ढकललं की तो मोडतो, त्याचा नाइलाज असतो. तुमचा भाऊ खांब आहे का? —

सरका! मागे, मागे! — बघितलंत? खालचा खांब. वाकला नाही, कुरकुरला नाही, फुटलाच एकदम. पोट फाटावं तशा तारा बाहेर, आणि वरचे मजले शिशासकट धाडकन त्याच्यावर. घुसमटायला होतंय? धूळ आहे, बसेल खाली. शेवटच्या टप्प्यांना आम्ही पेन्सिल घेऊन आत जात नाही, ते यासाठी. घरी मात्र मी जातच राहिले असते. मुलीला कडेवर घेऊन.

मावशी, तुम्ही खाली का आलात? — काय? गेटवर कोण? — ताई, तुम्ही तर म्हणालात, एकटीच आले टॅक्सीने. फोन का लपवताय? म्हणजे मला इथे बोलण्यात गुंतवून — मावशी, पळा वर, दाराला आतून कडी घाला, मी हाक मारेपर्यंत उघडायचं नाही. आणि वरूनच वॉचमनना फोन करून म्हणावं, त्याला आत सोडू नका.

रडू नका. मी तुमच्यावर ओरडत नाहीये. ठमी येणार नाही, मीही नाही, जा आता. आणि ताई — रिकाम्या हाताने जाताय. गाडीत त्याच्या शेजारी नको, मागे बसा.