आधणातला जीव

– वाकू नको पोरी, वाफ लागते. बाटली चिमट्यानं धर. हां, तशी. पन्नास वर्षं झाली, मी या हंडीत रेशमाचे कोसेच उकळून राहिलो, सोडा टाकून – अंदर किडा निजलेला असते, तो मरते तेव्हा धागा सुटते – आन् तू नागपूरच्या कॉलेजातून येते आन् म्हणते का बाबाजी, उकळत्या पाण्यातही जगणारे जीव असतात, डोळ्याले न दिसणारे, तुमच्या हंडीतही असतील, तपासायले पाणी द्या. वरून म्हणते का पृथ्वीवरचा पहिला जीव कदाचित अशाच गरम पाण्यात जन्मला. कदाचितच ना? नक्की नाही. बरं. कदाचितही खूप झालं. मी हासून नाही राहिलो, माझं तोंडच असं आहे.

आत तांदूळ निवडून राहिली ना, ती माझी बायको, गुंजनची माय. चाळीस वर्षं झाली, या चुलीजवळ येत नाही. आधी यायची – आंबागडच्या जंगलातून कोसे आले का पहिले सात वेगळे काढायची, दोऱ्यात ओवून आढ्याले टांगायची. ते उकळायचे नाहीत, त्यातून पाखरू निघू द्यायचं. मंग कोशाले भोक पडते, धाग्याच्या कामाचा राहात नाही – पण तिच्या घरची रीत. एका साली लग्नाचं लुगडं मागावर होतं, पदराले धागा कमी पडला. थोडाच. ती माहेरी होती, सिहोऱ्याले. मी माळ काढली, हंडीत टाकली. ती आली तर म्हटलं, उंदरानं नेली. त्याच पावसाळ्यात आमच्या गुंजनले ताप आला. तापच होता, डॉक्टरही तापच म्हणे. अंग असं पोळे का हात ठेववत नव्हता – गेली, चार वर्षांची होती.

तिनं मले काही विचारलं नाही. दर सालची नवी माळ मात्र तेव्हापासून आपल्या खाटेच्या डोईशी बांधते. म्हणते, आढ्यावर उंदीर नेतात.

तर तुझे ते जीव – गरमीनं मरत नाहीत? बिलकूल नाही? आन् किडा?

हो, तो मरते. मले माहीत आहे, उगाच विचारलं.

भरली ना बाटली? मंग आतून जा, तिच्या हातचं पाणी पिऊन जा. उकळत्यात राहणाऱ्या जीवांचं तिले सांगजो. म्हणजो, चुलीजवळ येऊन पाह, दिसत नाहीत पण आहेत. उठते का पाह. किड्याचं नको काढू. आन् माळेचं – माळेचं मी तुले काही सांगितलंच नाही. जा आता. चूल विझून राहिली.