पहिला लंगोट

संस्थानं विलीन होत होती तेव्हाचं सांगतो. मी लालबागला मास्तर. बायको पाणी भरायला गेली अन् इकडे दोन महिन्यांच्या पोरीनं लंगोट ओला केला. मला आखाड्यातलाच लंगोट माहीत, कोरडा घेतला अन् तसाच कसून बांधला. पोरगी लालबुंद होऊन रडायला लागली, गाठ काही सुटेना.

शेजारच्या सखूमावशी धावत आल्या, दातांनी गाठ सोडली.

"मास्तर, पोरीला कुस्तीच्या दंगलीला पाठवता का? एकच गाठ मारा, तीबी ढिली."

मारली.

बायको आली, तिनं लेकीला उचललं. पोरगी वर गेली, लंगोट खालीच राहिला.

"अहो, असा बांधायला कोणी शिकवलं?"

मी मावशींकडे बोट दाखवलं.