ठणठणीत

विमा कंपनीच्या ऑफिसात एक नर्स आपला नंबर यायची वाट बघत बसली होती. या देशात येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. पाठीमागच्या बाकावरून अचानक मराठी कानावर आली. ती हरखून मान वळवणार, तोच एका बाईचा दबका आवाज आला.

"अहो, पुलावरचं सांगा त्यांना."

"काय सांगू? डुलकी लागली होती."

"डुलकी कसली! मी हाका मारत होते आणि तुमचे डोळे टक्क उघडे होते."

"हळू बोल."

"इथं कुणाला कळतंय आपलं बोलणं?"

"अगं, फिट येते म्हटलं की विमा गेला. विम्याशिवाय गाडी नाही, गाडीशिवाय नोकरी नाही. मग परत जायचं? कुठल्या तोंडानं?"

"मी स्टिअरिंग धरलं म्हणून वाचलो. छकुली मागे होती."

"डॉक्टरकडे जाईन म्हटलं ना? आधी एवढं होऊ दे."

त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या मुलीनं हसून तिथल्या भाषेत विचारलं, "काही आजार? चक्कर, फिट?"

"छे! ठणठणीत आहे."

नर्स अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली.

काम उरकून नवरा, बायको आणि त्यांची छकुली बाहेर पडली. उघड्या दारातून त्यांची गाडी दिसत होती.

"बस गं."

बाईनं पेंगुळलेल्या पोरीला कडेवर घेतलं.

"तुम्ही व्हा पुढे. आम्ही दोघी चालत येतो."

"अगं, घर केवढं लांब आहे!"

"असू दे."