तिजोरीतलं विरजण

मंडळी, ऐका. आधी एक साधा प्रश्न विचारतो. उत्तर मात्र लगेच देऊ नका, मलाही ते पक्कं ठाऊक आहे असं नाही. आपलं जे आहे, ते जपायचं कसं?

तुम्ही म्हणाल, बुवा, यात काय अवघड? कुलूप लावायचं! बरोबर आहे. बाहेर चपला काढून आलात, त्यातल्या निम्म्या लोकांचं चित्त आत्ता चपलांपाशीच आहे! माझंही आहे, कालच नवी घेतली. तर कुलूप कशाला लावावं आणि कशाला लावू नये – आजचं आख्यान एवढंच.

कृष्णेच्या खोऱ्यात पलूस गाव. तिथं शिवदास शेट्यांचं दह्याचं दुकान. आता दही काय, सगळीकडंच मिळतं. पण हे मडक्यातलं दही – सुरीनं कापावं असं! बारसं असो, जेवणावळ असो, मडकी शेट्यांकडूनच यायची. गल्ल्यावर शिवदास, आत चुलीशी बायको निर्मला. दूध किती तापवायचं, कितपत निवू द्यायचं, विरजण केव्हा लावायचं, सगळं तिच्या हातात.

आणि ते विरजण होतं सासूचं. आजच्या दह्यातलं थोडं राखायचं, ते उद्याच्या दुधाला लावायचं. उद्याच्यातलं परवा. म्हणजे बघा, सासू जाऊन वर्षं झाली, तरी तिच्या हातचं दही गाव खातच होतं! केवढी पुण्याई ही!

सकाळी गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या. "वैनी, आमचं विरजण बिघडलं, चमचाभर द्या." निर्मला द्यायची. शिवदास गल्ल्यावरून कुरकुरायचे. घरोघरी आपलंच विरजण गेलं, तर आपलं दही घेणार कोण? निर्मला म्हणायची, सासूबाई देत होत्या. आणि पुढची वाटी भरायची.

आता पुढचं ऐकताना कुणाची बाजू घेऊ नका. त्या दोघांचं पटेनासं झालं. का? मी शोधलं नाही, तुम्हीही शोधू नका. दोघंही चांगली माणसं हो! फक्त एकमेकांशी चांगलं राहणं त्यांना जमेना. मुलगी शिकायला बाहेर गेली, घर शांत झालं, तसं ते जास्तच कळायला लागलं. शेवटी दोघांनी ठरवलं, वेगळं व्हायचं. निर्मला भावाकडं भिलवडीला गेली. जाताना दुकानातली साधी पळीसुद्धा तिनं उचलली नाही. उद्या कुणी म्हणायला नको, बाईनं नेलं!

वकीलसाहेबांनी शिवदासांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं – दुकान चालू ठेवा, काही लपवू नका, कुणाचं काय ते दोघं बसून ठरवा. चालतं दुकान वाटता येतं, बंद पडल्यावर वाटायला काय उरणार?

केवढा शहाणा सल्ला! पण फी देऊन घेतलेला सल्ला आपल्याला पटतो का? आपल्याला पटतो तो चहाच्या टपरीवरचा! टपरीवर बंडूनाना होते. त्यांचा स्वतःचा घटस्फोट झालेला नव्हता, पण सल्ला तयार होता. म्हणाले, "शिवा, सगळं त्या विरजणात आहे. ते तिच्या हाती लागलं, की समोरच दुसरं दुकान उभं राहील. आधी ते कुलपात घाल. तारखेपर्यंत हात लावू नको."

आणि मंडळी, शेट्यांनी खरोखर विरजणाचं मडकं तिजोरीत ठेवलं! लोखंडी तिजोरी, वर आईचा फोटो, आत आईचं विरजण! दुकानाला कुलूप, तिजोरीला कुलूप, किल्ली कमरेला!

विरजण दोन दिवस तग धरतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि तारीख दोन दिवसांवरच होती. पण ती कोर्टाची तारीख! ती पुढं गेली. पुन्हा पुढं गेली. उन्हाळ्याचे दिवस. एका सकाळी घरात कसलासा वास यायला लागला. शेट्यांनी तिजोरी उघडली. मडक्यात हिरवी बुरशी.

चोर आला नाही. बायकोनं नेलं नाही. कोर्टानं मागितलं नाही. मग दुकान कुणी नेलं?

शेट्यांनी बाजारातलं दही आणून विरजण लावलं. दही लागलं, पण ते दही पलूसच्या लोकांना ओळखू येईना. गिऱ्हाइकं मडकी परत आणायला लागली. शेवटी अभिमान गिळून शिवदास भिलवडीला गेले. दारातच म्हणाले, "निर्मला, विरजण मेलं."

तिला वाटलं होतं, हा माणूस भांडायला आला. तिनं आधी दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "माझ्याकडं कुठलं असणार? मी काही नेलंच नाही." आणि मंडळी, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा सुटत होता तेव्हा ती रडली नव्हती. पण सासूचं विरजण! आणि पुढं पोट भरायचं तेही त्याच विद्येवर ना? दोघांचंही!

मग तिलाच आठवलं. हौसाक्का! पलूसच्या त्यांच्या गल्लीतली मगदुमांची म्हातारी. वाटी घेऊन येणाऱ्या बायकांत पहिला नंबर तिचाच.

दोघं एसटीनं निघाली. शेजारी जागा होती, तरी मागंपुढं बसली! हौसाक्काच्या दारात पोचेपर्यंत दिवेलागण झाली. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विरजण हाय. तुमच्याच घरचं हाय. पण तिन्हीसांजेला विरजण देत न्हाईत. सकाळी या. आन् दोघंबी या. एकट्याला मी देणार न्हाई."

काय करता? निर्मला आक्काकडंच राहिली. शिवदास निघाले, ते पायरीपाशी थांबले. म्हणाले, "तू वाटत होतीस म्हणून राहिलं. मी जपलं आणि घालवलं."

ती म्हणाली, "तुम्ही भ्यालात. मीपण भ्याले होते." तिथंच पायरीवर बसून दोघं बोलली, आणि वकिलांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं सगळं ठरवून मोकळी झाली. दुकान शिवदासांचं. तिच्या कष्टाचा वाटा तिला, त्यातून भिलवडीत तिचं श्रीखंड-दह्याचं दुकान.

सकाळी हौसाक्कानं एका वाटीतलं विरजण दोन वाट्यांत काढलं. म्हणाली, "सासू देत हुती, सून देत हुती. आज मी दिलं. ह्यात माझं काय गेलं?"

तुम्हाला वाटेल, आता बुवा सांगणार की दोघं पुन्हा एकत्र आली. नाही हो. घटस्फोट झाला. त्याच वर्षी, भांडणाविना. पण पुढच्या उन्हाळ्यात निर्मलाबाईंचं विरजण बिघडलं, तेव्हा सकाळच्या पहिल्या एसटीनं पलूसहून मडकं आलं. शेट्यांनी स्वतःच्या मांडीवर धरून आणलेलं!

हे मी दोघांना विचारून सांगतोय. शेटे म्हणाले, "बुवा, माझा मूर्खपणा नीट सांगा, गाळू नका." निर्मलाबाई म्हणाल्या, "हौसाक्काचं नाव तेवढं घ्या." घेतलं. आक्का आता नाहीत. त्यांना इथूनच नमस्कार.

मंडळी, आज काल्याला दोन मडकी आली आहेत. एक पलूसहून, एक भिलवडीहून. मी मघाशी दोन्ही चाखली. कुठलं कुणाचं, मला सांगता आलं नाही. तुम्ही चाखा, आणि चाखताना आठवा – तुमच्या घरचं विरजण पहिल्यांदा कुणाच्या वाटीतून आलं होतं? तिचं नाव घ्या. मग घरी जाऊन आपापली तिजोरी उघडा. आत जिवंत असं काही कोंडलं असेल, तर आजच बाहेर काढा, आणि सकाळी कुणी वाटी घेऊन आलं, तर भरून द्या.

पेटीवाले, द्या सूर. विठ्ठल विठ्ठल!