मला ऐकू आलं नाही असं समजा

व्यासपीठावरच्या अध्यक्ष महोदया, म्हणजेच आमच्या मुख्याध्यापिका; आपली कामं बाजूला ठेवून आलेले संस्थेचे चिटणीस; आजच्या सत्कारमूर्ती, शाळेचा निरोप घेणाऱ्या शिशुवर्गाच्या बाई; माझ्या सहकारी मैत्रिणींनो, पालकहो, आणि पुढच्या चटईवर अजूनपर्यंत तरी गुण्यागोविंदाने बसलेल्या चिमुरड्यांनो, सगळ्यांना मनापासून नमस्कार.

आधीच माफी मागून ठेवते. मी सभागृहाकडे न बघता बाईंकडे तोंड करून बोलणार आहे. चिटणीससाहेबांनी मघाशी खुणेनं सांगितलं, "लोकांकडे बघा." साहेब, आज एवढं चालवून घ्या. कारण पुढे सांगते.

बाईंच्या वर्गाला लागूनच माझा वर्ग. मधे नुसती फळ्यांची भिंत. त्यामुळे त्यांच्या वर्गात काय चालतं हे मला, कान टवकारले नाहीत तरी, ऐकू येतंच. काही वर्षांपूर्वी बाईंनी एक छोटा रेकॉर्डर आणला. गळ्यात अडकवायची दोरी आणि एक लाल बटण. मी कपाळावर हात मारला. मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका म्हणून आपण पालकांचं डोकं खायचं, आणि ही बाई हातात यंत्र देते!

मग खेळ कळला. रोज एका मुलानं रेकॉर्डर घरी न्यायचा आणि एक आवाज पकडून आणायचा. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांनी ऐकायचा. आवाज कशाचा आहे ते सांगायचं नाही. कसा आहे ते सांगायचं. 'छान' हा शब्द त्या वर्गात कायमचा सुट्टीवर. आणि आवाज वाजून संपला की बाई म्हणायच्या, "मला ऐकू आलं नाही असं समजा. आता मला सांगा."

सुरुवातीला मुलं काय सांगणार? "मोठा आहे." "आवाज आला." बाई मान हलवायच्या, "अजून नाही आलं ऐकू." मग मुलं इरेला पेटायची. एकदा एका बहाद्दरानं आपल्या बाबांचं घोरणं पकडून आणलं. एक मुलगी म्हणाली, "कुणीतरी जड कपाट ओढतंय." दुसरा म्हणाला, "आणि मधेच थांबून घाम पुसतंय." ते बाबा आज तिसऱ्या रांगेत आहेत. लाजू नका हो, तुमच्यामुळे आमच्या मुलांना 'खरखरीत' शब्द मिळाला.

मला सांगा, आपण मोठी माणसं तरी दिवसभरात किती आवाज असे ऐकतो?

आता जे सांगणार आहे ते बाईंना विचारून सांगतेय. त्यांनी अट घातली, रडायचं नाही. मी 'हो' म्हटलंय. बघू.

एकदा मधल्या सुट्टीत बाईंच्या पर्समध्ये फोन वाजत होता. बारीक, चिमणीसारखा. बाई शेजारीच चित्रं लावत होत्या. फोन वाजतोय, वाजतोय, आणि या आपल्या चिकटपट्टी फाडताहेत. मी त्यांच्या खांद्याला हात लावून पर्स दाखवली. त्या हसल्या आणि खाली बसल्या.

"बारीक आवाज आधी गेले गं," म्हणाल्या. "बोलणाऱ्याचं तोंड दिसलं तर भागतं. कानातल्या यंत्रानं थोडी मदत होते, बाकी सगळा गलका."

"अहो, मग वर्गातला खेळ?"

"पहिल्या वर्षी मी मुलांना खोटं सांगत होते. आता खरं सांगते. वाक्य तेच आहे, त्यामुळे कुणाला कळलं नाही."

मी उरलेली चित्रं लावायला घेतली.

बाईंची लेक दूर असते. मागच्या वर्षी तिला मुलगा झाला. तो हुंकार द्यायला लागला, तसा तिनं त्याचा आवाज आईला पाठवला. बाईंनी फोन या कानाला लावला, त्या कानाला लावला, कानातल्या यंत्राचा आवाज पूर्ण वाढवला. नुसती खरखर. पहिल्या नातवाचा आवाज, आणि आजीला ऐकू येत नाही. लेकीनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आई, कुणासारखा वाटतो गं आवाज?" बाई म्हणाल्या, "छान आहे." आपणच सुट्टीवर पाठवलेला शब्द त्यांना वापरावा लागला, याचंच त्यांना जास्त लागलं. लेकीला कानांचं सांगितलं नव्हतं. ती लगेच सगळं सोडून धावत येईल, ही भीती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आवाज रेकॉर्डरमध्ये घालून आणला. मी माझ्या वर्गाला चित्रं रंगवायला दिली आणि दारात जाऊन उभी राहिले. बाईंनी बटण दाबलं. बाळ दोनदा हुंकारलं, थांबलं, पुन्हा हुंकारलं.

"मला ऐकू आलं नाही असं समजा," बाई म्हणाल्या. त्यांचा हात टेबलाची कड धरून होता.

"ओला आहे," एकजण म्हणाला.

"बुडबुडा फुटायच्या आधी असतो तसा."

"गुळगुळीत आहे. पण शेवटी थोडासा चुरगळतो."

बाई एकेकाच्या ओठांकडे बघत होत्या. मग आमची मुखदुर्बळ राणी उठली. हो, तीच, चटईवर वेणी चघळत बसलीय ती. वर्षभर तिचं "आवाज आला"च्या पुढे गाडं सरकलं नव्हतं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं.

"बाई, हा मधेच थांबतो."

"थांबून काय करतो?"

"समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. मग परत बोलतो." आणि जरा विचार करून म्हणाली, "तुमच्यासारखा आहे. तुम्ही पण अशाच थांबता."

बाईंनी तिथूनच, मुलांसमोर, लेकीला व्हिडिओ कॉल लावला. म्हणाल्या, "माझ्यासारखा आहे गं. मी ऐकलेला नाही, मला सांगितलाय." आणि कानांचं सगळं सांगून टाकलं. लेक धावत आलीच. आज ती दाराजवळच्या खुर्चीवर आहे, मांडीवर बाळ आहे, आणि उद्या ती आईला आपल्या घरी घेऊन जाणार आहे. अट मोडली, बाई. क्षमा करा.

माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. मला इथे उभं केल्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बाई, तुम्ही मात्र काही पोटात घालू नका. यापुढे कुणालाही 'हो, ऐकलं' म्हणून वेळ मारून नेऊ नका. आत्ता माझं काही निसटलं असेल तर सांगा. मी पुन्हा सांगते.